खानदेशातील कोरोना: जळगावचा मृत्युदर एवढा का चढला, आणि उतरला कसा?

२०२०च्या मे आणि जून महिन्यांत जळगाव जिल्ह्याचे नाव देशभरच्या बातम्यांत आले ते एका नकोशा आकड्यामुळे. तपासणीत कोरोना निघालेल्या दर शंभर रुग्णांमागे तिथे दहाहून अधिक जण दगावत होते. देशाचे प्रमाण त्या वेळी तीनच्या आसपास होते. पुढे वर्षभराने, दुसरी लाट ओसरली तेव्हा जिल्ह्यात सुमारे १ लाख ४० हजार रुग्णांची नोंद झाली होती आणि अडीच हजारांहून अधिक मृत्यू झाले होते. म्हणजे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आले होते आणि राज्याच्या सरासरीला जाऊन मिळाले होते. शेजारच्या धुळे जिल्ह्यात त्याच सुमारास नोंदलेले रुग्ण ४६ हजारांच्या घरात आणि मृत्यू साडेसहाशेच्या आसपास होते.

विषाणू तोच होता, माणसेही तीच होती. मग हा आकडा एवढा चढला कसा आणि खाली आला कसा? याचे अर्धे उत्तर गणितात सापडते. उरलेले अर्धे रुग्णालयात शोधावे लागते, आणि जळगावकरांच्या मनात राहिले ते हेच दुसरे अर्धे.

दोन महामार्ग आणि एक जंक्शन

नकाशावर खानदेश मुंबई-पुण्यापासून लांब दिसतो, पण रस्ते आणि रूळ पाहिले तर तो मधोमध आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. मुंबईहून हावडा आणि दिल्लीकडे जाणाऱ्या गाड्या जळगाव-भुसावळवरून जातात, सुरतेहून येणारा तापी खोऱ्यातला लोहमार्गही जळगावलाच मिळतो. सुरतेच्या कापड उद्योगात खानदेशी माणसांच्या पिढ्या गेल्या आहेत. त्यामुळे सुरत, मुंबई किंवा पुण्यात साथ वाढली की तिचे पडसाद इथे उमटणार हे उघड होते.

टाळेबंदीत हेच रस्ते माणसांनी भरले. मुंबई-नाशिककडून उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशकडे पायी, सायकलवर, ट्रकच्या टपावर बसून निघालेले मजूर धुळे, शिरपूर करत सेंधव्याच्या सीमेवर पोहोचत होते आणि मे महिन्यात तिथे अडकूनही पडत होते. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाड इथे रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले हे कामगार भुसावळकडे चालत निघाले होते, कारण तिथून घरी जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. भुसावळ जंक्शनचे महत्त्व त्या दिवसांत देशाला कळले ते असे.

पहिले रुग्ण

जळगाव शहरात पहिला रुग्ण २८ मार्च २०२० रोजी निघाला. दुसरा रुग्ण एप्रिलच्या सुरुवातीलाच दगावला. नंतर काही दिवस जिल्हा शांत होता, एवढा की संकट टळले असे वाटू लागले होते. एप्रिलच्या उत्तरार्धात अमळनेरमध्ये रुग्णांची साखळी सुरू झाली आणि पाठोपाठ भुसावळ, पाचोरा, जळगाव शहर असे एकेक ठिकाण यादीत येत गेले.

धुळे जिल्ह्यात सुरुवात १० एप्रिलच्या सुमारास साक्रीच्या रुग्णापासून झाली आणि तो वाचला नाही. धुळ्याला दुसरी धास्ती मालेगावची होती. मालेगाव तालुका नाशिक जिल्ह्यात मोडत असला तरी धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि मोठ्या उपचारासाठी तिथले रुग्ण पूर्वीपासून धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात येतात. एप्रिलमध्ये मालेगावात उद्रेक झाल्यावर जिल्ह्याची हद्द कागदावर बंद झाली, पण गंभीर रुग्णाला हद्द सांगून परत पाठवता येत नाही.

शंभरातले दहा म्हणजे काय?

बातम्यांत ज्याला 'मृत्युदर' म्हटले जात होते, तो आजाराने मरण्याची खरी शक्यता सांगणारा आकडा नाही. तपासणीत सापडलेल्या रुग्णांपैकी किती दगावले, एवढेच तो सांगतो. एक साधे उदाहरण घेऊ. समजा एका तालुक्यात हजार जणांना लागण झाली आणि त्यांतले दहा जण दगावले. तपासणी फक्त शंभर जणांची झाली असेल, तर दर दिसेल दहा टक्के. पाचशे जण शोधून काढले, तर तोच दर दोन टक्के. दोन्ही वेळी मेलेली माणसे दहाच आहेत.

जळगावात सुरुवातीला तपासणी फार थोडी होती. नमुने आधी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत जात, नंतर धुळ्याला. अहवाल यायला कित्येक दिवस लागत. मुख्यतः जास्त आजारी माणसेच तपासली जात असल्यामुळे यादीत वयस्क, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण भरलेले दिसत. सौम्य लक्षणांची माणसे घरीच राहत, आणि ती मोजलीच जात नव्हती.

किती माणसे मोजणीबाहेर राहत होती, याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या रक्तचाचणी सर्वेक्षणातून येतो. देशातल्या सत्तर जिल्ह्यांत हे सर्वेक्षण झाले. महाराष्ट्रातल्या सहा जिल्ह्यांत जळगावची निवड झाली होती, बाकीचे पाच म्हणजे अहमदनगर, बीड, परभणी, नांदेड आणि सांगली. मे-जून २०२०च्या फेरीत निष्कर्ष निघाला की देशात एका नोंदलेल्या रुग्णामागे ८२ ते १३० जणांना प्रत्यक्षात लागण झालेली असावी. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत हेच प्रमाण २६ ते ३२वर आले. याचा अर्थ विषाणू सौम्य झाला असा नाही. तपासणी वाढली होती.

तरीही 'तपासणी कमी, म्हणून आकडा मोठा' असे म्हणून हात झटकता येत नाहीत. तपासणी तेव्हा जवळपास सगळ्याच जिल्ह्यांत कमी होती. जळगावात आणखी काहीतरी बिघडले होते.

जूनमधले आठ दिवस

जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ४२ लाखांहून अधिक आहे आणि तालुके पंधरा. धुळ्याची लोकसंख्या साडेवीस लाख, तालुके चार. म्हणजे जळगाव दुपटीने मोठा. वैद्यकीय महाविद्यालयांचा हिशेब मात्र उलटा होता. धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तीन दशकांहून जुने आहे, तर जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ साली, जुन्या जिल्हा रुग्णालयालाच जोडून सुरू झाले. साथ आली तेव्हा त्याची पहिली तुकडीही बाहेर पडलेली नव्हती. वरिष्ठ निवासी डॉक्टर, भूलतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्र विभाग, प्रशिक्षित परिचारिका ही फौज जुन्या महाविद्यालयात वर्षानुवर्षांत उभी राहते. इमारत घाईने मिळवता येते, ही माणसे नाही.

त्यात पहिल्या महिन्यांत अनेक खासगी दवाखाने भीतीपोटी बंद होते. ताप आला की गावातल्या डॉक्टरकडून दोन-तीन दिवसांच्या गोळ्या, मग तालुक्याला, मग जळगावला, अशा फेऱ्यांत आठवडा जाई. विलगीकरणात नेतील, गल्ली पत्रे ठोकून बंद करतील, लोक बोट दाखवतील या धास्तीने दुखणे अंगावर काढणारेही कमी नव्हते. हा आजार फसवा असा की रक्तातला प्राणवायू बराच खाली गेला तरी माणूस बोलत-चालत असतो. धाप लागल्यावर दवाखाना गाठलेला रुग्ण बऱ्याचदा उशिरा आलेला असे.

अशा वेळी जे घडले ते कोणत्याही आकड्याने झाकता येणारे नाही. जून २०२०च्या सुरुवातीला शासकीय रुग्णालयात दाखल असलेली भुसावळची ८२ वर्षांची एक वृद्धा २ जूनपासून बेपत्ता असल्याची नोंद झाली. शोधाशोध झाली, पोलिसांत तक्रार झाली. १० जूनला तिचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या कोविड कक्षातल्या स्वच्छतागृहात सापडला. आठ दिवस त्या स्वच्छतागृहाचे दार कोणी उघडून पाहिले नव्हते, किंवा पाहिले असेल तर त्याची नोंद नव्हती. अधिष्ठात्यांसह काही डॉक्टर आणि कर्मचारी निलंबित झाले, जिल्हाधिकारी बदलले गेले आणि जूनच्या मध्यावर अभिजित राऊत यांनी जिल्ह्याची सूत्रे घेतली.

या प्रकरणाची चर्चा बहुतेक वेळा 'निष्काळजीपणा' या एका शब्दावर संपते. तो होताच. पण कोविड कक्षाची रचनाही समजून घ्यायला हवी. तिथे नातेवाइकांना प्रवेश नव्हता. एरवी आपल्या सरकारी रुग्णालयात म्हाताऱ्या माणसाला पाणी देणे, शौचाला नेणे, सलाइन संपली की सिस्टरला हाक मारणे ही कामे घरची माणसेच करतात. सरकारी रुग्णालयांचे मनुष्यबळ या न लिहिलेल्या गृहीतावरच बेतलेले असते. साथीने नातेवाइकांना दाराबाहेर काढले, आणि त्यांची जागा घ्यायला दुसरे कोणी नेमलेले नव्हते. अंगावर संरक्षक पोशाख चढवलेली मोजकी माणसे फेरी मारून बाहेर पडत आणि मधल्या वेळेत रुग्ण एकटा राहत असे. प्राणवायूची नळी काढून स्वच्छतागृहापर्यंत चालत जाणे हेही अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

आकडा खाली कसा आला?

एका निर्णयाने आला नाही. मे महिन्याच्या अखेरीपासून जळगावातच तपासणीची सोय झाली आणि नमुन्यांची धुळेवारी कमी झाली. १४ जूनला वैद्यकीय संशोधन परिषदेने अँटिजेन चाचणीला मान्यता दिल्यावर अर्ध्या तासात निकाल मिळू लागला. ही चाचणी कमी अचूक असली तरी तालुक्याच्या ठिकाणी करता येत असे. शहराबाहेरचे डॉ. उल्हास पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे खासगी रुग्णालयही प्रशासनाने कामाला लावले. ७ ते १३ जुलै या काळात जळगाव, भुसावळ आणि अमळनेर या तीन शहरांत पुन्हा कडक टाळेबंदी झाली.

उपचारही बदलत होते. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निकाल १६ जून २०२०ला जाहीर झाला. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड दिल्याने मृत्यू कमी होतात, हे त्यातून कळले. रुग्णाला पोटावर झोपवणे आणि घाईने नळी घालून व्हेंटिलेटरवर न नेणे हे सगळीकडचे डॉक्टर त्याच उन्हाळ्यात शिकले. त्यामुळे उतरलेल्या दराचे सगळे श्रेय एकट्या जळगावच्या प्रशासनाला देणे बरोबर नाही, आणि चढलेल्या दराचे सगळे खापर त्यांच्यावर फोडणेही नाही.

१५ सप्टेंबरपासून राज्यभर 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. आशा सेविका आणि शिक्षक तापमान मोजायची बंदूक आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेऊन घरोघर गेले. ९४ किंवा ९५ या आकड्याचा अर्थ गावातल्या आजीबाईलाही कळू लागला. अंगावर दुखणे काढण्याची सवय मोडायला या बोटाच्या चिमट्याने भाषणांपेक्षा अधिक मदत केली.

धुळ्याबद्दल इथे थोडे वेगळे सांगायला हवे. हिरे महाविद्यालयात एप्रिल २०२०मध्ये प्रयोगशाळा सुरू झाली आणि तिने काही आठवडे तीन जिल्ह्यांचे नमुने तपासले. जिल्हाधिकारी संजय यादव यांच्या काळात धुळ्यातही रुग्ण वाढले, शिरपूरसारख्या गावांत संसर्ग वेगाने पसरला. पण जिल्हा आटोपशीर होता आणि मुख्य रुग्णालयाला अवघड रुग्ण हाताळायची सवय होती. धुळ्याचा मृत्युदर अखेरपर्यंत जळगावहून कमी राहिला, त्यामागे ही जुनी घडी मोठे कारण असावी.

केळी, आखाजी आणि एसटीने गेलेली पालखी

टाळेबंदी लागली तेव्हा रावेर-यावल पट्ट्यात केळी कापणीला आलेली होती. केळी साठवून ठेवता येत नाही. उत्तर भारतातल्या मंड्या बंद, ट्रक नाहीत, मजूर नाहीत, त्यामुळे भाव कोसळले आणि काहींनी घड गुरांपुढे टाकले. ७ ऑगस्ट २०२०ला देवळाली–दानापूर ही देशातली पहिली किसान रेल धावली. तिला जळगाव आणि भुसावळचे थांबे होते. योगायोग असा की त्याच पावसाळ्यात केळीच्या बागांवरही विषाणूनेच हल्ला केला. कुकुंबर मोझॅक, ज्याला शेतकरी 'हरण्या' म्हणतात. त्यावरही औषध नव्हते. रोगट झाडे उपटून नष्ट करणे, म्हणजे एका अर्थी विलगीकरण, एवढाच उपाय होता.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि शेतावरच्या सालदारांचे वर्ष याच दिवशी संपून नवे करार होतात. २०२०ची आखाजी २६ एप्रिलला आणि २०२१ची १४ मे रोजी आली. दोन्ही वर्षी निर्बंध होते. मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालत जाणारी संत मुक्ताईंची पालखी २०२०मध्ये मोजक्या वारकऱ्यांसह एसटी बसने गेली.

साथींची आठवण या भागाला नवीन नाही. प्लेगच्या वर्षांत गावेच्या गावे शेतात झोपड्या बांधून राहत. बहिणाबाई चौधरींचा मुलगा ओंकार याला प्लेगमुळेच कायमचे अपंगत्व आले होते. १९१८च्या इन्फ्लुएंझाने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली. खानदेश तेव्हा या इलाख्यातच होता. त्या वर्षी पाऊसही पडला नव्हता.

दुसरी लाट आणि प्राणवायूचा हिशेब

जानेवारी २०२१मध्ये ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या, लग्ने पुन्हा धडाक्यात लागू लागली आणि फेब्रुवारीत आकडे चढले. १० मार्चला केंद्र सरकारने सर्वाधिक उपचाराधीन रुग्ण असलेल्या दहा जिल्ह्यांची यादी दिली. तीत महाराष्ट्रातले आठ जिल्हे होते आणि पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर यांच्या पंगतीत जळगाव होता. दुसऱ्याच दिवशी रात्री आठपासून १५ मार्चच्या सकाळी आठपर्यंत जळगाव शहरात जनता कर्फ्यू लागला. मार्चअखेरीस जिल्ह्यात दिवसाला हजाराच्या आसपास रुग्ण निघत होते.

या वेळी कळीचा प्रश्न प्राणवायूचा होता. एका मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर वायू असतो. मिनिटाला दहा लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो बारा तासांच्या आत संपतो. मिनिटाला साठ लिटर देणाऱ्या यंत्रावरच्या रुग्णाला दोन तासही पुरत नाही. पन्नास खाटांचा कक्ष सिलिंडरवर चालवणे म्हणजे रात्रंदिवस ट्रकची वाट पाहणे. द्रवरूप प्राणवायूच्या टाकीने ही धावपळ थांबते, कारण एक लिटर द्रवातून साडेआठशे लिटरच्या आसपास वायू मिळतो. पण टाकी भरायला टँकर लांबून यावा लागतो आणि टाकीचीही निगा लागते. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात २१ एप्रिल २०२१ रोजी टाकीतून गळती झाली आणि प्राणवायू तुटल्याने २२ रुग्ण दगावले.

तिसरा मार्ग हवेतूनच प्राणवायू वेगळा करणाऱ्या संयंत्राचा. खानदेशातल्याच नंदुरबार जिल्ह्याने तो आधी धरला. १९९८मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या आदिवासीबहुल जिल्ह्याचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड स्वतः डॉक्टर होते. पहिली लाट उतरत असताना, सप्टेंबर २०२०मध्ये त्यांनी पहिले संयंत्र बसवले आणि पुढे आणखी बसवले. त्या काळात अनेकांना तो खर्च अनाठायी वाटला असता. एप्रिल २०२१मध्ये मोठ्या शहरांत नातेवाईक सिलिंडरसाठी रांगा लावत होते आणि नंदुरबारला मध्य प्रदेश, गुजरातच्या सीमेपलीकडचे रुग्ण येत होते. खाटा कमी पडल्यावर रेल्वेचे विलगीकरण डबेही नंदुरबार स्थानकात उभे राहिले.

जळगाव आणि धुळ्यात त्या एप्रिलमध्ये रेमडेसिविरसाठीच्या रांगा अधिक दिसल्या. या औषधाने जीव वाचतो असा भक्कम पुरावा तेव्हाही नव्हता आणि जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२०मध्येच ते वापरू नये असे म्हटले होते. तरी चिठ्ठीवर नाव लिहून आले की नातेवाईक दागिने गहाण टाकून ते मिळवायला धावत. प्राणवायूच्या तुलनेत त्याचा उपयोग किती, हे त्यांना सांगायला त्या गर्दीत वेळ कुणाला होता?

न मोजलेले

जून-जुलै २०२१च्या रक्तचाचणी सर्वेक्षणात देशात ६७.६ टक्के लोकांमध्ये विषाणूविरोधी प्रतिपिंडे आढळली. म्हणजे तोवर लागण किंवा लस यांपैकी काहीतरी तीनांतल्या दोघांपर्यंत पोहोचले होते. जानेवारी २०२२ची ओमायक्रॉनची लाट खानदेशातून वेगाने आली आणि तशीच गेली. १ एप्रिल २०२२पासून राज्याने निर्बंध उठवले.

मृत्यूंची मोजणी मात्र पूर्ण म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२१च्या आदेशानंतर कोरोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये सानुग्रह मदत मिळू लागली. महाराष्ट्रात यासाठी आलेले अर्ज सरकारी यादीतल्या मृत्यूंहून कितीतरी अधिक निघाले. चाचणीचा अहवाल येण्याआधी घरी किंवा वाटेत दगावलेली, मृत्यूच्या दाखल्यावर 'न्यूमोनिया' किंवा 'हृदयविकार' लिहिलेली माणसे त्यांत होती. जळगावातून चाचणीचे नमुने धुळ्याला जात आणि अहवालाला कित्येक दिवस लागत, त्या एप्रिल-मे महिन्यांत अशी किती माणसे गेली, ते गावागावांच्या जन्ममृत्यूच्या वह्या मागच्या वर्षांशी ताडून पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्या वह्या ग्रामपंचायतींत आणि नगरपालिकांत आजही आहेत.